मागचे तीन खड्डे

नाटक कंपनीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. घरी बायको ‘अहो’ म्हणे, मोठा भाऊ ‘अरे’ म्हणे, आणि वहिनी हाक न मारता थेट खोलीत येत.

खोली भावाच्या घरामागची. मिस्त्रींचा संसार तिथे, मोडक्या सायकली, रंगाचे डबे आणि वहिनींच्या जास्तीच्या गाद्यांच्या शेजाराने. गादी हवी झाली की वहिनी दार ढकलून आत. बायको केस विंचरत असो नाहीतर लुगडं बदलत असो. दाराला आतून कडी नव्हती. लग्नानंतर बायकोने विषय काढला, तेव्हा भाऊ म्हणाला, “घरातल्या घरात कड्या कशाला? आम्ही काय चोर आहोत?” रंगमंचावर मिस्त्री राजवाडे उभे करत. हे दार तसंच राहिलं.

कंपनी सुटली तेव्हा त्यांनी रस्त्याकडेच्या उतारावर जमिनीचा तुकडा घेतला. एका खोलीचं लाकडी घर बांधायचं, स्वतःच्या हातांनी. बायकोने त्याच दिवशी पितळेची कडी आणली आणि ट्रंकेत ठेवली.

मिस्त्रींनी आधी पुठ्ठ्याचं घर केलं. समोर ओसरी, कमानीचं दार, दोन बाजूंना दोन खिडक्या. बायकोने ते फिरवून पाहिलं.

“मागची भिंत कुठाय?”

“आतलं दिसावं म्हणून ठेवली नाही.”

“आणि माझी चूल? ती मागेच येणार ना?”

“तू आधी समोरून बघ गं.”

तिने समोरून पाहिलं. घर देखणं होतं, ते तिला नाकारता येईना. तिने एका बोटाने छपराला हलकेच धक्का दिला. घर पत्त्यांच्या बंगल्यासारखं कलंडलं.

“हे असं कुणी ढकललं तर?”

“ढकलणार कोण? मागून टेकू असतो त्याला.”

आयुष्यभर ते तसंच करत आले होते. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं, मागून तिरकी काठी लावायची, काठीच्या पायावर वाळूची पिशवी. भिंत खेळ संपेपर्यंत हलत नसे. रंगमंचाची जमीन तयार मिळे. पाया खणायचं काम कधी पडलंच नव्हतं.

पायासाठी सहा खड्डे ठरले, तीन पुढे, तीन मागे. पुढचे त्यांनी कमरेइतके खोल नेले. ओसरी पुढे, दार पुढे, पाहुणे पुढून येणार. मागे मुरूम लागला तसे ते गुडघ्यावरच थांबले.

“मागे का हात आखडता?” बायकोने विचारलं.

“उतार आहे. मागे जमीन आधीच उंच आहे. अजून किती खोल जायचं?”

ते तिला पटलं नाही. पण गादी काढायला कुणी येणार नाही अशी खोली तिला इतकी जवळ दिसत होती, की तिने वाद घातला नाही.

खड्ड्यांत काँक्रीटचे ठोकळे भरले, त्यांत लोखंडी पट्ट्या बसवून सहा खांब उभे केले, वरून तुळया जोडल्या, समोर दाराची कमान बसवली. कोपऱ्यांत तिरप्या पट्ट्या मारल्या नाहीत. मागून तीन टेकू होतेच, पायाशी वाळूच्या पिशव्या. छपराआधीच त्यांनी भाऊ-वहिनींना बोलावलं. बायको पिशवीत कडी घेऊन आली.

भाऊ रस्त्यावर स्कूटर लावून उभा राहिला आणि त्याचे डोळे विस्फारले. “अरे, बंगलाच की!” मिस्त्रींच्या उभ्या जन्मात भावाकडून आलेलं हे पहिलं कौतुक. मग भावाने असं काही केलं, जे कुठल्याही प्रेक्षकाने कधी केलं नव्हतं. तो वळसा घालून मागे गेला.

“हे काय? पिशव्या? काठ्या?” तो पोट धरून हसू लागला. “घर बांधलंस की नाटक लावलंस? अगं, ये बघायला, तिकीट नाही!”

वहिनी आल्या. पदर तोंडाला लावून त्यांनीही पाहिलं. “भाऊजी, ह्यात राहायचंय, की बघून घरी जायचंय?”

“तात्पुरत्या आहेत त्या,” मिस्त्री म्हणाले.

“मग काढ की.”

“अहो, राहू द्या,” बायको म्हणाली. “आज नको.”

भावाच्या चेहऱ्यावरचं हसू मिस्त्रींना सोसवेना. त्यांनी हातोडीने तिन्ही टेकू सोडवले.

चौकट क्षणभर उभी राहिली. मग सावकाश, पडदा पडावा तशी, रस्त्याकडे झुकली. मागचे तिन्ही ठोकळे किडके दात निघावेत तसे जमिनीतून उपटले गेले. कमान भावाच्या स्कूटरच्या पुढ्यात येऊन मोडली.

“स्कूटर वाचली,” भाऊ म्हणाला.

बायकोने कडीची पिशवी उचलली. भाऊ-वहिनीबरोबर ती घरी गेली. मिस्त्री तिन्हीसांजेपर्यंत लाकडं रचत राहिले.

घरी येऊन त्यांनी सवयीने खोलीचं दार ढकललं. दार हललं नाही. त्यांचाच पेचकस बाहेर उंबऱ्यावर पडला होता, शेजारी लाकडाचा ताजा भुसा. वहिनींच्या गाद्या आणि सायकली अंगणात काढून ठेवल्या होत्या.

या दारावर कधी कुणी टकटक केली नव्हती. मिस्त्रींनी केली.

“कोण?”

“मी.”

“मी कोण?”

मिस्त्रींनी वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत वहिनी उभ्या होत्या, मागे भाऊ. दोघेही त्यांच्याकडेच बघत होते.

“अगं, उघड,” ते हळूच म्हणाले. “लोक बघतायत.”

आत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. कडी निघाली नाही.