टपावरची चपटी अँटेना

हरिश्चंद्र आहेर मूळचे निफाडचे, कुवेतमधल्या एका रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर. साठ फूट उंच शिडीवर व्हॉल्व्ह तपासताना त्यांचा हात कधी थरथरला नाही. त्यांना भीती वाटायची ती मुक्या रेडिओची. नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा शहरात शिरल्या, तेव्हा एका खोलीत ते धरून चौघे होते आणि एक ट्रान्झिस्टर. चौथ्या दिवशी सेल संपले. पळायचं की थांबायचं, हे सांगणारं पुढचे नऊ दिवस कुणी नव्हतं. तेव्हापासून घरात साखर संपली तरी चाले, सेल संपलेले चालत नसत.

२००३च्या मार्चमध्ये पुन्हा लढाईची चिन्हं दिसू लागली आणि त्यांनी थेट उपग्रहावरून ऐकायचा रेडिओ आणला. पण कुवेतच्या सालमिया भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये तो अक्षरही बोलेना. उपग्रह नैऋत्येच्या आकाशात, बाल्कनी पूर्वेला.

"नैऋत्येला म्हणे!" खिडकीच्या फटींवर चिकटपट्टी लावत त्यांची बायको रत्नमाला म्हणाली. "आता रेडिओलाही वास्तुशास्त्र लागतं का? आधी हे टोक धरा. विषारी वायू यायचा झाला तर या फटीतून येईल."

युद्ध पेटल्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारच्या सुट्टीत, त्यांनी तो गाडीत बसवला. तळहाताएवढी चपटी अँटेना टपावरच्या कॅरिअरला आवळली, तार दाराच्या रबराखालून आत घेतली, यंत्र सीटखाली ठेवलं आणि आवाज गाडीच्या टेपमधून काढला. चालत्या गाडीत तो तुटायचा, पण उघड्यावर थांबून अँटेना वळवली की स्वच्छ ऐकू यायचं. त्या आनंदात शनिवारी ते तसेच ड्यूटीवर निघाले. रिफायनरीच्या गेटवर गाडी तपासतात, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

गेटवर पत्र्याच्या शेडखाली पहारेकऱ्यानं हात केला. तरुण होता, रात्रभर जागा असावा. त्यानं टपाकडे पाहिलं, मग सीटखाली गेलेल्या तारेकडे. बंदूक किंचित वर आली.

"शिनू हादा?" हे काय आहे?

"रेडिओ! ओन्ली रेडिओ!" हरिश्चंद्र म्हणाले. पहारेकऱ्यानं त्यांचं ओळखपत्र काढून घेतलं आणि वाजवून दाखवायची खूण केली. त्यांनी बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. नुसती शांतता. डोक्यावर पत्रा असताना उपग्रह दिसणार कसा! शर्ट पाठीला चिकटला. आज नोकरी जाईल, उद्या इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द, परवा विमानात बसवतील. तेही तुरुंगात टाकलं नाही तर.

मागच्या कंपनी बसमधून ड्रायव्हर इद्रीस उतरला. रत्नागिरीचा, अरबी सफाईनं बोलणारा.

"काय हो आहेरसाहेब, मिसाइल बांधलंत काय टपावर?"

"इद्रीसभाई, मस्करी नको. याला सांगा, गाडी शेडबाहेर घेऊ दे. उघड्यावर वाजेल."

"गाडी काढू दे म्हटलं तर तो म्हणेल, पळतोय! चावी त्याच्याकडे द्या. आपण ढकलू."

इद्रीस पहारेकऱ्याशी बराच वेळ बोलला. मग दोघांनी गाडी ढकलत उन्हात आणली. हरिश्चंद्रांनी अँटेना नैऋत्येला वळवली. सीटखालच्या यंत्राच्या पडद्यावर सिग्नलची एक रेघ उमटली, गेली, पुन्हा उमटली.

आणि क्षेपणास्त्राच्या इशाऱ्याचा सायरन सुरू झाला.

तिघेही धावले. वाळूच्या पोत्यांच्या आडोशात, हरिश्चंद्रांच्या खांद्याला खांदा लावून, तो पहारेकरी बसला. ओठांत काहीतरी पुटपुटत होता. विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा चढवताना पट्टा त्याच्या बोटांतून दोनदा निसटला. हरिश्चंद्रांनी तो लावून दिला. उघड्या दाराच्या गाडीतून आता इंग्रजी बातम्या ऐकू येत होत्या. कान देऊनही सायरनमुळे हरिश्चंद्रांना त्यातला एकही शब्द लागत नव्हता.

सायरन थांबला. पहारेकऱ्यानं मुखवटा काढला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "तुम्हारा रेडिओ क्या बोला? मिसाइल किधर गिरा?"

"समुद्र में. इधर नहीं."

त्यानं डोळे मिटून श्वास सोडला. मग ओळखपत्र आणि चावी परत दिली आणि टपाकडे बोट केलं. "ये निकालो. अंदर नहीं जाएगा."

हरिश्चंद्रांनी पक्कड काढली. पहिला नट सैल व्हायलाच पाच मिनिटं लागली, इतका हात थरथरत होता.

"कल," पहारेकरी हळूच म्हणाला, "गेट के बाहर रुकना. पहले सुनना. फिर मुझे बताना."