रडणारी बाहुली

सियाया गावच्या इस्पितळात नर्सांना शिकवणाऱ्या पर्पेचुआबाईंची बाहुली पाण्याने भरली की नवजात बाळाएवढी जड व्हायची. नर्सा धडे मोबाइलवर आधीच बघून यायच्या. इथे फक्त हात चालवायचे. बाहुलीला श्वास नीट दिला, की बाई नळीच्या टोकाचा फुगा दाबून तिला रडवायच्या. चुकलं, की बाहुली गप्प आणि बाईंचं तोंड सुरू.

इथल्या लुओ जमातीच्या घरांत बाळ रडू लागलं की पूर्वजांची नावं घेतात. ज्या नावाला ते शांत होतं, ते त्याचं. बाईंची मुलगी जन्मली तेव्हा रडलीच नाही. मग नावं कशी घेणार? तिला बिननावाचीच पुरली.

त्या दिवशी रिस्पाने बाहुलीला पहिल्याच खेपेला रडवलं. रिस्पा बाईंच्या सासरच्या गावची, वर फाजील.

"बघू तरी, कोण परत आलंय," ती म्हणाली. "ओगोला? अचिएंग? अबिरो?"

बाहुली गप्प झाली.

"अगं बाई, ही तर तुमची सासू की हो!" सगळ्या हसल्या.

"हात भरून आला माझा," बाई म्हणाल्या. "पुढची कोण?"

रोज संध्याकाळी त्या बाहुलीतलं पाणी झाडांना घालायच्या. आज त्यांनी ती तशीच कापडात गुंडाळली आणि घरी जाणाऱ्या मटाटूत, त्या भाड्याच्या गाडीत, मांडीवर घेऊन बसल्या.

"गुणी आहे हो, रडत नाही," शेजारची म्हातारी म्हणाली. "नाव काय?"

"अबिरो," बाई म्हणाल्या, आणि श्वास घेता यावा म्हणून तिच्या तोंडावरचं कापड त्यांनी जरा बाजूला केलं.