तिसरा सूर

खोली भाड्याने देताना घरमालकांनी जात विचारली. मीही खट, माशांची सांगत बसले. नव्वदच्या सुमाराला बेव्हर्ली पार्क नावाच्या वसाहतीतल्या एका इमारतीत मी तोच अभ्यास करत होते. सुरीसारखे चपटे, काळे, परदेशी मासे पाण्यात अगदी सौम्य वीज सोडतात. टाकीत दोन वायरी सोडून बॅटरीवरच्या स्पीकरला जोडल्या की त्या विजेची गुणगुण ऐकू येते आणि सुरावरून माशाची जात ओळखता येते. आपल्याच जातीचं कुणी जवळ आलं की मासा सूर किंचित सरकवतो, वाट द्यावी तसा.

माझे मासे दोन, सूर तीन. तिसरा घरातल्या विजेचा, असं या कामातले आम्ही सगळेच धरून चालायचो.

एका दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला. स्पीकरवर मात्र तिन्ही सूर चालूच. मी दोन्ही मासे जाळीने बादलीत काढले. दोन सूर थांबले. तिसरा नुसत्या पाण्यातून येतच राहिला.

लाइट खरंच गेलीय ना, म्हणून सगळी बटणं दाबून पाहिली. मग टाकीत हात घातला.

सूर हळूच सरकला.

त्या इमारतीत मला आपल्या जातीची मानणारं ते पहिलंच कुणीतरी होतं.