लाईट असताना पाहिलेलं शून्य

आदरणीय भिंगारदिवे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते शेवगावच्या प्रशिक्षण संस्थेत, रेफ्रिजरेशनच्या वर्कशॉपमध्ये. वर्गात मी एकटी मुलगी. सर विद्यार्थ्यांना अरे-तुरे करत नसत. "अहो, हा मीटर धरा," एवढंच मला म्हणाले.

कॉम्प्रेसर बंद पडला की सर आधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवत, म्हणजे दुसरं कुणी ते परत बसवणार नाही. मग वीज चालू असलेल्या दुसऱ्या जागेवर मीटर लावून तो नीट दाखवतो ना, हे बघत. त्यानंतरच मशीनच्या वायरींवर शून्य तपासत. "लाईट गेलेली असताना शून्य मोजू नका," असं ते बजावत. "तेव्हा अख्ख्या गावात शून्य असतं. येईपर्यंत बसून राहा." आम्ही हसायचो.

बाहेरगावच्या कामांना मला पाठवायला वडील तयार नव्हते. सर घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "प्रत्येक कामाला मी बरोबर असेन." तो शब्द त्यांनी पाळला. म्हणूनच पाथर्डीकडच्या दूध शीतकरण केंद्रातही ते माझ्याबरोबर होते.

तिथला कॉम्प्रेसर सकाळपासून बंद होता. लाईट येत-जात होती. सर शेडमागे मशीनची जाळी साफ करत होते. फ्यूज काढून शून्य बघण्याचं काम माझ्याकडे होतं. मी फ्यूज काढले तेव्हा लाईट गेलेली होती.

"ओ बाई, दूध नासाय लागलंय," केंद्राचे व्यवस्थापक म्हणाले. "किती वेळ बसून राहनार?"

टँकरचा ड्रायव्हर हसला. "बाईनं मशीन चालू केलं तर आपुन हितली समदी भांडी घासू!"

मी मीटर लावला. शून्य. सर आले आणि त्यांनी विचारलं, "लाईट असताना पाहिलंत ना?"

"हो, सर," मी म्हणाले.

सरांनी कॉम्प्रेसरच्या स्टार्टरच्या पेटीत हात घातला आणि थोड्याच वेळात लाईट आली. माझ्या खिशातले फ्यूज कॉम्प्रेसरचे नव्हते, केंद्राच्या विहिरीवरच्या मोटरचे होते. मेन स्विच पाडून सरांना तारेपासून सोडवलं ते त्या ड्रायव्हरनेच. मी जागची हललेही नव्हते.

दवाखान्यात मी सरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "तुमचं प्रमाणपत्र अजून यायचंय." अपघाताच्या अहवालात त्यांनी 'माझ्या दुर्लक्षामुळे' असं लिहिलं. मला प्रमाणपत्र मिळालं, नोकरीही लागली. मी गप्प राहिले.

सरांच्या उजव्या हाताची तीन बोटं आता वळत नाहीत. पाना धरता येत नाही. भाकरी ते डाव्या हाताने मोडतात. वर्कशॉपमध्ये ते पुन्हा आले नाहीत. बोटं सुधारतील असं डॉक्टर आता म्हणत नाहीत. सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात कुणी लिहिलं असेल की एवढ्या शिस्तीच्या माणसाकडूनही एक चूक झाली. ती त्यांच्याकडून झालेली नव्हती.

हा लेख अंकाच्या समितीकडे देण्याआधी मी सरांना वाचून दाखवला.  ते म्हणाले, "छापा. पण काय आधी, काय नंतर, ते नीट लिहा. पोरं वाचतील."

तसं लिहिलं आहे. सरांना पुढची पुष्कळ वर्षं मिळोत आणि ती दुखण्याविना जावोत, ही मनापासून इच्छा. हात पूर्वीसारखा होवो, असं मात्र मला लिहिता येत नाही.