बत्तीचाचांचा बूस्टर

बत्तीचाचांचा मीटरवर विश्वास नव्हता. आमच्या फिरत्या दवाखान्याची गाडी शाळेच्या पटांगणात उभी राहिली, की शाळेतून वायर ओढून ते आधी शंभरचा बल्ब पेटवत, डोळे किलकिले करत आणि जाहीर करत, "एकशे साठ व्होल्ट." मी नवी नर्स, अतिशहाणी. मीटर लावून बघितलं, तर काटा किंचित पुढे. "मीटर म्हातारा झालाय," चाचा म्हणाले. "बत्ती खोटं बोलत न्हाय."

ही गोष्ट नव्वदच्या आसपासची. चाचा भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले. पूर्वी लूमवर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे; आता आमचे ड्रायव्हर. गाडीत एक खाट, एक स्टोव्ह आणि लशींचा फ्रीज. शिबिर तीन दिवस चाले, तेवढे दिवस चाचांचं घर तेच. आजूबाजूला लूम धडधडत असल्यामुळे व्होल्टेज कायम मेलेलं. तशा विजेवर फ्रीज नुसता कण्हतो आणि शेवटी जळतो. म्हणून मध्ये बूस्टर, नॉब असलेली लोखंडी पेटी. व्होल्टेज पडलं की नॉब वर, चढलं की खाली.

एकदा मी चहासाठी विजेची शेगडी लावली. चाचांनी तिची पिनच उपटली. "चहा स्टोव्हवर! हा करंट फ्रीजच्या हक्काचा हाय." शेजारी पिठाची गिरणी असली की ते आधी तिकडे जाऊन ती थोडा वेळ बंद ठेवायला सांगत. एका गिरणीवाल्याने कुरकुर केली, तेव्हा त्याला शांतपणे म्हणाले, "भाऊ, पीठ थांबलं तर भाकरी उशिरा होईल. डोस बिघडला तर पोर पायाने जाईल." त्याने मुकाट्याने पट्टा उतरवला, वर आपला नातू डोस द्यायला घेऊन आला.

शुक्रवारी मात्र सगळं उलटं. जुम्म्याच्या नमाजाला लूम थांबत आणि व्होल्टेज एकदम उसळे. बूस्टर चढलेलाच राहिला तर फ्रीजचे बारा वाजलेच म्हणून समजा. टेमघरच्या शिबिरात चाचा नमाजाला निघताना मला बजावून गेले, "सिस्टर, घड्याळ बघू नको. कान ठेव. खटखट थांबली की नॉब खाली."

मी मान डोलावली आणि बाळांची वजनं करत बसले. एक बाळ काट्यावरच झोपलं, ते बघून आम्ही सगळ्याजणी हसत होतो. हसता हसता लक्षात आलं, आपलं हसणं फार मोठ्याने ऐकू येतंय. लूम बंद होते. वर बल्ब पांढराफेक. मी धावले, पण फ्रीजमधून जळका वास आला आणि तो गप्प झाला. आत दोन गावांच्या बाळांचे पोलिओचे डोस होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाचा आले, वास घेतला आणि परत धावत सुटले. आले ते मासळीवाल्याकडचा बर्फ पोत्यात घालून. सगळ्या बाटल्या त्या बर्फात गेल्या आणि वाचल्या. दुपारभर आया विचारत होत्या, "बाई, ह्या डोसाला बोंबलाचा वास कसा येतो?"

संध्याकाळी डॉक्टर तापले. "बूस्टरपाशी कोण होतं?"

"मीच विसरलो, साहेब," चाचा म्हणाले. "वय झालं आता."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की शब्द घशातच राहिला. खरं सांगायचं तर तो राहिल्याचं मला बरंच वाटलं; नोकरी नवी होती. पण त्या दिवसापासून दवाखान्यात चाचा विसरभोळे ठरले. कोणीही उठावं आणि विचारावं, "चाचा, हँडब्रेक ओढलात ना?" ते हसून पुन्हा ओढून दाखवत. मला ते हसणं बघवत नसे.

पुढे मी दुसरीकडे नोकरीला लागले. चाचा गेल्याचं कळलं, तेव्हा त्यांच्या घरी गेले आणि चाचींना एका दमात सांगून टाकलं, "तो नॉब मी विसरले होते."

"मला ठाव हाय," चाची म्हणाल्या. "शिबिर आटपून घरी आले आणि हसत म्हणाले, 'पोरगी आता जन्मात नॉब विसरायची न्हाय.'"

मी वर बघितलं. बल्ब मिणमिणत होता.

"एकशे सत्तर," माझ्या तोंडून निघून गेलं, आणि चाचींनी तोंडाला ओढणी लावली.