सात वर्षांना शहात्तर दिवस कमी

अन्याय झाला माझ्या अम्मीवर, सलमावर, आणि माझ्या भावावर, रेहानवर. कधी? रेहानच्या सातव्या वाढदिवसाला शहात्तर दिवस बाकी असताना, सोमवारी सकाळी साडेनऊला, खडवलीच्या आमच्या खोलीत. तो शाळेला निघालेला. एक मोजा पायात, दुसरा हातात.

तलाकनंतर अम्मी आम्हा दोघांना घेऊन कल्याणहून खडवलीला आलेली. त्या सकाळी बडे अब्बा, म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ, आले. हातात उर्दू कॅलेंडरची सुरळी. म्हणाले, "सलमा, चांदच्या हिशेबानं पोरगा काल सात वर्षांचा झाला. आता तो आमच्याकडे."

रिवाजानं मुलगा सात वर्षांचा होईपर्यंतच आईकडे, मग बापाकडे. आणि चांदचं वर्ष इंग्रजी वर्षाहून अकराएक दिवसांनी लहान. अम्मीनं जन्मदाखल्याची तारीख धरून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनानं गोल केलेला. त्या गोलावर बोट ठेवून ती भांडली, "भाईजान, माझे अडीच महिने खाताय तुम्ही!"

"अगं, अल्लाहचा चांद काय जन्मदाखला बघून उगवतो?" बडे अब्बा हसले. दारात जमलेले शेजारीही हसले, मग गप्प झाले.

अम्मी दिवसांसाठी भांडली, मुलासाठी नाही. चूक तिथे झाली, आणि ती माझीही. मी दहावीत होते, तोंड चालायचं, तरी मीसुद्धा कॅलेंडरच मोजत बसले. शेवटी अम्मीनं दुसरा मोजा रेहानच्या पायात चढवला, त्याला बडे अब्बांच्या हाती दिलं आणि मला म्हणाली, "आपली मुदत संपली गं." मुदत! औषधाच्या बाटलीवर असते तशी.

आणि एक सांगा. त्याच रिवाजात मुलगी वयात आली की तीही बापाकडे जाते. मी केव्हाच वयात आलेले. मला न्यायला कोणी आलं नाही. माझा चांद कोणी मोजला नाही.

त्या खोलीत अम्मीला राहवेना. माझी परीक्षा झाली तशा आम्ही ठाण्याला, माजिवड्याला आलो. तिनं टॉवरमध्ये पोळीभाजीची कामं धरली, मी कॉलेज आणि बायकांची एक संघटना. तिथे पहिलं काम मिळालं पत्रकांना घड्या घालायचं. पत्रक हिजानतवर, म्हणजे मूल जवळ ठेवून सांभाळायच्या आईच्या हक्कावर होतं. शेवटच्या ओळीवर माझा हात थांबला: सात वर्षं म्हणजे पूर्णविराम नव्हे, कोर्ट मुलाचं हित बघतं, मूल समजतं असेल तर त्याचंही ऐकतं. खडवलीत कुठे होता रे हा कागद?

अम्मी ऐकेना. "मी शरियतशी भांडायची नाही."

"शरियतशी कुठे भांडायचंय? बडे अब्बांच्या सुरळीशी भांडायचंय."

ती हसली. ठाण्यात आल्यापासून पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून संघटनेच्या वकीलताईंकडे आली.

कोर्टात न्यायाधीशांनी रेहानला एकट्याला आत बोलावलं. सगळ्यात पहिल्यांदा त्याला कोणीतरी विचारलं. आता तो अम्मीकडे राहतो, रविवारी अब्बांकडे जातो. अब्बा वाईट नाहीत. नाक्यावर वेळेवर येऊन उभे असतात. त्या सकाळी त्यांना तरी कोणी विचारलेलं?

परत आला तेव्हा रेहान नऊ वर्षांचा होता. बिस्किटाच्या डब्याला हात लावण्याआधी विचारायचा, "घेऊ का?" स्वतःच्या आईच्या घरात! ती दोन वर्षं कुठल्याच कॅलेंडरनं आम्हाला परत दिली नाहीत. आता तो न विचारता डबा संपवतो, अम्मी लाटणं घेऊन मागे धावते, आणि मला वाटतं, हे घर. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आता एकही गोल नाही.

खडवलीच्या शेजाऱ्यांनो, ठाण्याला निघताना तुम्ही आम्हाला रिक्षापर्यंत सोडायला आलात, पाण्याची बाटली दिलीत, आठवतं मला. पण त्या सोमवारी गप्प बसलात, तेही आठवतं. पुढच्या वेळी तुमच्या गल्लीत कोणी कॅलेंडर घेऊन मूल न्यायला आला, तर दारातून हलू नका. मूल किती वर्षांचं झालं ते मोजू नका. खाली बसा आणि त्यालाच विचारा, बाळा, तुला कुठे राहायचंय?