ताराचंदभाऊंचा हिरवा बैल

नाचणगावच्या ताराचंदभाऊंच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या चकचकीत भांडी विकली. हे गृहस्थ मात्र चकाकी दिसली की तोंड वाकडं करतात. वर्ध्याच्या एका छोट्या संग्रहालयात ते काशाच्या प्राचीन वस्तू जपतात. काशावरचा गडद हिरवा थर म्हणजे त्या वस्तूचं कवच, तो गेला की तिचं वय गेलं, हे ते लग्नाच्या पंगतीतही सांगतात. शेजारचा माणूस बुंदी मागायला मान वळवतो, तरी यांचं चालूच.

संग्रहालयात काशाचा एक जुना, वीतभर उंचीचा बैल आहे. काचेआडच्या त्या बैलाला शाळेच्या पोरांना हात लावता येत नाही, याची भाऊंना फार रुखरुख. म्हणून त्यांनी तसाच मेणाचा बैल घडवला, त्यावर माती थापली, मेण वितळवून काढलं आणि त्या पोकळीत कासं ओतलं. मग मीठ आणि व्हिनेगर लावून लावून त्याला हिरवा करत बसले. शेवटी दोन्ही बैल शेजारी ठेवले, तर संग्रहालयाचे प्रमुख सदाशिवराव यांनाही अस्सल कोणता ते ओळखता येईना. आता शाबासकी मिळणार म्हणून भाऊ मिशीत हसले. सदाशिवरावांनी कपाळाला हात लावला.

"भाऊ, उद्या यांची अदलाबदल झाली तर? हा पोरांच्या टेबलावर ठेवता येणार नाही. पोळ्यानंतर एकदा शेवटचं बघतो."

दुसरा कोणी असता तर थोडा फरक ठेवला असता. भाऊ कसले ऐकतात! पोटाखाली हिरवा रंग जरा फिका राहिला होता, तेवढा भरून काढायला ते नवा बैल घरी घेऊन आले आणि देवघराजवळच्या फळीवर वाळत ठेवला.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी भाऊ आणि मी मैदानात गेलो. पोरांनी सजवलेल्या लाकडी बैलांच्या रांगेत एक बैल सोन्यासारखा लखलखत होता. त्याची दोरी भाऊंच्या नातीच्या, रुचिकाच्या हातात. मागे भाऊंच्या पत्नी देवकाबाई कौतुकाने उभ्या.

"अवं, हे काय करून ठेवलं तुनं?" भाऊ बैलापाशी धावले.

"काय केलं म्हंजे? सणाच्या दिवशी बैलाले असं शेवाळलेलं ठेवतात का घरात? तुमच्यानं घासणं होत नाई, म्हून मीच घासला. सारी चिंच संपली!"

भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? पण तेवढ्यात पोरांचा घोळका बैलावर तुटून पडला. कोणी शिंगं चाचपली, कोणी वशिंडावरून बोट फिरवलं, कोणी त्याला उचलून वजन पाहिलं. भाऊ रागवायचं विसरले. "घडवणाऱ्याच्या हातात तो जुना बैल असाच चमकला असन," ते हळूच म्हणाले, "आन् आपण इतकी वर्षं त्याले म्हातारा समजून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी सदाशिवरावांनी तो पाहिला आणि पोट धरून हसले. आता अदलाबदलीची भीती कसली? बैल टेबलावर गेला.

मग देवकाबाई स्वतः संग्रहालय पाहायला आल्या. टेबलावरच्या आपल्या बैलाकडे त्यांनी अभिमानाने पाहिलं. मग काचेतल्या हिरव्या बैलापुढे बराच वेळ थांबून म्हणाल्या, "या बिचाऱ्याले काऊन नाई घासत कोणी?"

तेव्हापासून त्या काचेच्या कपाटाची किल्ली भाऊ घरी नेत नाहीत.